स्पॅनिशचा वर्ग आणि ‘लेचे’ची कुळकथा

राजारामपुरीत शनिवार-रविवारी भरणाऱ्या स्पॅनिशच्या प्राथमिक वर्गाचे एक सत्र मी नुकतेच पूर्ण केले. कोल्हापुरात परकी भाषा इतक्या मुळापासून शिकायला मिळते, याचे मला मोठे समाधान आहे.

येथे शब्दांच्या याद्या घोकून घेत नाहीत. दुधाला स्पॅनिशमध्ये ‘लेचे’ म्हणतात, हे कोणतेही पुस्तक सांगेल. पण लॅटिन ‘लाक्ते’मधला ‘क्’ बोलता बोलता विरघळून त्याचा ‘इ’ कसा झाला आणि त्या ‘इ’च्या संगतीने पुढच्या ‘त’चा ‘च’ कसा झाला, हे बाईंनी फळ्यावर ‘लाक्ते’, ‘लाइते’, ‘लेचे’ अशा पायऱ्या मांडून दाखवले. पोर्तुगीजमधील ‘लेइते’ या शब्दात मधल्या पायरीचा ‘इ’ आजही टिकून आहे. त्याच वाटेने लॅटिन ‘नोक्ते’ची स्पॅनिश ‘नोचे’, म्हणजे रात्र, आणि ‘ओक्तो’चे ‘ओचो’, म्हणजे आठ, झाले.

इंग्रजीतला ‘मिल्क’ मात्र जर्मानिक कुळातला आहे. लॅटिनची खूण तिथे लॅक्टोज, लॅक्टिक ॲसिड अशा शास्त्रीय शब्दांत सापडते आणि हे शब्द ग्रंथांतून आल्यामुळे त्यांतला ‘क्ट’ शाबूत राहिला. लेटसही याच घरातला. त्याचा देठ मोडला की दुधासारखा चीक येतो, म्हणून रोमन लोक त्याला ‘लाक्तुका’ म्हणत. हा शब्द फ्रेंचमार्गे आला, तेव्हा वाटेत बराच झिजला.

मला सर्वांत भावला तो पुढचा भाग. आकाशगंगेसाठी स्पॅनिशने ग्रंथांतले ‘विया लाक्तेआ’ जसेच्या तसे ठेवले, म्हणजे तिथेही तद्भव ‘लेचे’ आणि तत्सम ‘लाक्तेआ’ शेजारीशेजारी नांदतात. गंगावेशीतल्या कट्ट्यावर आपण धारोष्ण दूध पितो आणि पाटीवर मात्र ‘दुग्धजन्य पदार्थ’ असे लिहितो. मराठी माणसाला हा नियम वेगळा समजावून सांगावाच लागत नाही.

उणिवाही आहेत. छापील टिपणांत लॅटिन रूपे दिलेली नाहीत, त्यामुळे फळ्यावरचे उतरवून घेण्यातच तासाचा बराच वेळ जातो. संभाषणाचा सरावही अपुरा वाटला. तातडीने प्रवासापुरते बोलायला शिकायचे असेल, तर हा वर्ग सोयीचा नाही. संस्कृत किंवा भाषाशास्त्राची आवड असणाऱ्यांनी मात्र पुढच्या सत्राला अवश्य नाव नोंदवावे.