पहिली एअर रायफल: क्लबची, देशी, सेकंडहँड की कोरी युरोपीय?

सप्टेंबर २०२२ मध्ये एक युरो साधारण ८० रुपयांना मिळत होता. २०२५ सरताना त्यासाठी शंभराच्या वर मोजावे लागू लागले. म्हणजे जर्मनीत २,००० युरोंना विकली जाणारी मॅच (स्पर्धेची) रायफल तिथे जराही महाग झाली नाही असं धरलं, तरी इथे तिची मूळ किंमत १ लाख ६० हजारांवरून २ लाखांवर गेली. वाहतूक, सीमाशुल्क, जीएसटी आणि दुकानदाराचा नफा याच आकड्यावर चढतात, त्यामुळे फरक आणखी फुगतो. पॅलेट (एअर रायफलीची शिशाची गोळी), नेमबाजीचं जॅकेट, हवेचा सिलिंडर यांचंही तेच. ठाण्यात, नवी मुंबईत मुलाला किंवा मुलीला रेंजवर घालून तीन-चार महिने झाले की स्वतःच्या रायफलीचा विषय घरात निघतोच. तेव्हा काय घ्यावं आणि काय घेऊ नये, ते इथे मांडलं आहे.

आधी कायद्याचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीसाठी बंदूक घेण्याचा प्रश्नच उरलेला नाही. येऊरच्या जंगलातला ससा किंवा ठाणे खाडीतला रोहित (फ्लेमिंगो) एअरगनने टिपणं हाही गुन्हाच. खेळासाठी मात्र वाट मोकळी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमीपर्यंतचा बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० जूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. दहा मीटरच्या मॅच रायफलीतून ०.५३ ग्रॅमचा पॅलेट सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटतो. हिशेब केला तर ही ऊर्जा आठ जूलच्याही आत राहते. तेव्हा ‘पॉवर जास्त आहे’ असं सांगून ५.५ मिमीची बंदूक पुढे सरकवणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडावं. तिला परवाना लागतो आणि दहा मीटरच्या स्पर्धेत ती चालतही नाही.

क्लबची रायफल

पहिल्या सहा महिन्यांसाठी हाच पर्याय योग्य, आणि तो स्वस्त आहे एवढंच त्याचं कारण नाही. उभं राहण्याची पद्धत पक्की झाल्याशिवाय कोणता स्टॉक (रायफलीचा दस्ता) अंगाला बसतो हे कळत नाही. अडचण येते ती सेटिंगची. सकाळच्या बॅचमधल्या उंच मुलाने बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीस (गाल टेकवायचा भाग) हलवलेलं असतं आणि संध्याकाळची मुलगी त्याच मापावर मान वाकडी करून मारत राहते. मग साइटचे (नेम धरायच्या भागाचे) क्लिक फिरवून चूक झाकली जाते. यावर उपाय सोपा आहे. बट प्लेटची उंची, बटची लांबी, चीकपीसची उंची आणि हँडस्टॉपची (पुढच्या हाताच्या अडणीची) जागा हे चार आकडे वहीत लिहून ठेवायचे आणि लेनवर उभं राहण्याआधी जुळवायचे. पट्टीवर आकडे नसतील तर रंगीत टेपने खूण करायची. आठवड्यात चारपेक्षा जास्त दिवस सराव होऊ लागला किंवा क्लबमध्ये डावखुऱ्यासाठी रायफलच नसली, की पुढचा विचार करायला हरकत नाही.

देशी रायफल

यात दोन जाती आहेत आणि त्या एकमेकींशी तोलू नयेत. नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली बंदूक काही हजारांत येते. पण पिस्टन पुढे जाताना आणि थांबताना ती दोनदा हलते, त्यामुळे पकड थोडी बदलली तरी ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) सरकतो. शालेय स्पर्धांत ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम) आणि पीप साइट (बारीक छिद्रातून नेम) हे वेगळे प्रकार असतात. फक्त ओपन साइट मारायची असेल तर ही शिकवून जाते.

दुसरी जात सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेवर चालणारी, म्हणजे पीसीपी. प्रेसिहोलसारखे भारतीय उत्पादक अशा रायफली बनवतात. युरोपीय रायफलीच्या तुलनेत किंमत बरीच कमी, आणि सुटे भाग व दुरुस्ती इथेच, रुपयांत. हा फायदा कमी लेखू नये, कारण ऐन स्पर्धेच्या आधी ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) गेली तर परदेशातून भाग येईपर्यंत हातावर हात ठेवून बसावं लागत नाही. मर्यादा ट्रिगरच्या आणि स्टॉकच्या बारीक जुळवणीत जाणवते. दहाचं वर्तुळ फक्त अर्ध्या मिलिमीटरचं असतं आणि गुण १०.९ पर्यंत दशांशात मोजले जातात. तिथे ट्रिगरच्या दुसऱ्या टप्प्यातली थोडीशी खरखरही गुण खाते. जो मुलगा क्लबच्या वाल्थर या जर्मन रायफलीवर पीप साइट मारतोय त्याला ही घेऊन देणं म्हणजे मागे नेणं. शाळेच्या दोन वर्षांपुरता खेळ असेल, तर मात्र यापुढे खर्च करू नये.

सेकंडहँड युरोपीय

बहुतेक घरांसाठी आमचं मत याच बाजूला आहे. मॅच रायफलीची नळी सहजासहजी झिजत नाही. मऊ शिशाचे, कमी वेगाचे हजारो पॅलेट ती आरामात पचवते. वय होतं ते सिलिंडरचं. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार सिलिंडर उत्पादकाने दिलेल्या मुदतीत असावा लागतो आणि ती मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं धरली जाते. २०१६ चा सिलिंडर असलेली रायफल ‘एकदम कोरी’ म्हणून विकायला आली, तर तुम्हाला नव्या सिलिंडरचे पंचवीस-तीस हजार आणि वर कर धरावा लागेल. म्हणून सौद्याची सुरुवात सिलिंडरवर कोरलेल्या तारखेपासून करा. रंग, चरे, बॅग हे सगळं नंतर.

तपासणी घाईने होत नाही, दोन दिवस द्या. पहिल्या दिवशी सिलिंडर २०० बारपर्यंत भरा. भरताना तो गरम होतो आणि निवल्यावर काटा थोडा खाली येतो, त्यामुळे अर्ध्या तासानंतरचा आकडा लिहून घ्या आणि रायफल रात्रभर ठेवा. सकाळी काटा आणखी उतरला असेल तर गळती आहे. ती बहुधा ओ-रिंगची, म्हणजे किरकोळ. पण सिलिंडर काढून ठेवल्यावरही दाब उतरत असेल तर त्याचाच व्हॉल्व्ह गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी रायफल क्लँपमध्ये बसवून एकाच डब्यातले दहा पॅलेट मारा. सगळी भोकं मिळून एकच, जवळपास पॅलेटच्याच आकाराचं भोक दिसायला हवं. वेग मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. शॉटागणिक वेग पाच-सहा मीटरने वरखाली होत असेल तर रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला सारखा दाब देणारा भाग) उघडून दुरुस्त करावा लागेल. मागची साइट वीस क्लिक उजवीकडे आणि वीस परत डावीकडे फिरवून पुन्हा मारा. ग्रुप मूळ जागी आला नाही तर साइट झिजली आहे, आणि चांगली साइट स्वस्त नसते.

हवा भरायचा अडॅप्टर, मूळ बिल आणि बिलाशी जुळणारा क्रमांक याशिवाय पैसे देऊ नका. अडॅप्टर बहुधा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. तो हरवलेला असला की रायफल घरी येऊनही आठवडेच्या आठवडे कपाटात पडून राहते. सिलिंडरची किमान पाच वर्षं शिल्लक असतील तर नव्याच्या साठ टक्क्यांपर्यंत देणं ठीक. मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत वजा करूनच बोला.

कोरी युरोपीय

वाल्थर एलजी ४००, फाइनवेर्कबाऊ ८००, स्टायर, अ‍ॅनशुट्झ ९०१५ या वर्गातली नवी रायफल दोन लाखांच्या पुढेच पडते. एकाच कंपनीच्या साध्या आणि महागड्या मॉडेलमध्ये नळी आणि यंत्रणा बहुधा तीच असते. वरचे पैसे स्टॉक, ग्रिप आणि बट प्लेटचे असतात. म्हणून नवीच घ्यायची ठरली तर खालचं मॉडेल घ्या आणि गरज पडेल तेव्हा बट प्लेट बदला. वजनाची मर्यादा साडेपाच किलो आहे, पण ती गाठायची गरज नाही. चाळीस किलोच्या मुलीच्या हातात पाच किलोंची रायफल दिली की ती कंबर मागे झुकवून तोल सांभाळते आणि पाठीचं दुखणं तिथून सुरू होतं.

रायफलीबाहेरचा खर्च

रायफल मुलाबरोबर वाढवता येते. जॅकेट आणि ट्राउझर येत नाहीत. तेराव्या वर्षी मापाने शिवलेलं जॅकेट पंधराव्या वर्षी बटण लागेनासं होतं आणि विकायला काढलं तर फारसं काही परत येत नाही. वाढत्या वयात जुनं किंवा कॅपापीसारखं देशी किट घ्या. कुर्त थुने, साउअर या युरोपीय कंपन्यांचा विचार उंची थांबल्यावर. जुनं घेताना दोन गोष्टी पाहा: कापड एका थराला २.५ मिमीपेक्षा जाड नको आणि बटण लावायच्या जागी ते किमान ७० मिमी जास्त ओढता यायला हवं. ताठरपणाचीही चाचणी असते. आपल्या दमट हवेत मऊ वाटणारं जॅकेट वातानुकूलित हॉलमध्ये कडक होतं आणि तपासणीत अडकू शकतं. बूट मात्र नवेच, पायाच्या मापाचे घ्या.

पॅलेटचा हिशेब कुणी आधी करत नाही. दिवसाला ८०, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे महिन्याला १,६०० आणि वर्षाला १९ हजारांच्या वर. पाचशेच्या डब्यात हे ३८-३९ डबे झाले. डब्यामागे पाचशे रुपयांचा फरक वर्षाला १९ हजारांवर जातो. सरावाला साधा मॅच पॅलेट आणि स्पर्धेला क्लँपवर पारखलेला, अशी वाटणी करा. ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमी व्यासाच्या पॅलेटच्या डोक्यांपैकी कोणतं आपल्या नळीला मानवतं ते मारूनच कळतं. घरी पाच मीटरवर १५ मिमीचा काळा ठिपका लावून रिकाम्या रायफलीने केलेला ड्राय सराव फुकट आहे आणि तो रेंजवरच्या सरावाइतकाच मोलाचा आहे.

हवेबाबत एकच सक्त सूचना. तुर्भे-महापेच्या औद्योगिक पट्ट्यात गॅस भरून देणारे पुष्कळ आहेत, पण रायफलीच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कधीही भरू नका. व्हॉल्व्हमधल्या वंगणाशी दाबाचा ऑक्सिजन भेटला की स्फोट होऊ शकतो. फक्त कोरडी, गाळलेली हवा भरायची. पावसाळ्यात ड्रायर नसलेल्या कॉम्प्रेसरवर किंवा हातपंपावर भरलेली हवा आत पाणी सोडते आणि सिलिंडर आतून गंजतो. रेंजवरून आल्यावर रायफल बंद केसमध्ये ठेवू नका. पुसून तासभर बाहेर ठेवा आणि मग सिलिका जेलसोबत आत. उन्हात उभ्या गाडीत भरलेला सिलिंडर सोडू नका.

समजा हातात तीन लाख आहेत. कोरी रायफल घेतली तर किटवर ते संपतात आणि पॅलेटचे पैसे दर महिन्याला घरखर्चातून काढावे लागतात. बहुतेकांचा सराव नेमका तिथेच कमी होतो. मुदत शिल्लक असलेली सेकंडहँड रायफल आणि जुनं किट घेतलं तर वर्षभराचे पॅलेट, रेंजची फी आणि स्पर्धांचा प्रवास त्याच पैशांत बसतो. शिवाय सिलिंडरसाठी तीस हजार बाजूला राहतात. ते वेगळ्या खात्यात ठेवा आणि मुदतीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.