डीजेआय मिनी 3: बरेच महिने वापरल्यानंतर, आणि मुख्यतः उंचीबद्दल

गेल्या हिवाळ्यापासून डीजेआय मिनी 3 हा छोटा ड्रोन वापरतोय. राहायला इंग्लंडमध्ये, लीड्सला. त्यामुळे उडवणं बहुतेक यॉर्कशायर डेल्सच्या डोंगराळ भागात, ओळखीच्या शेतकर्‍यांच्या रानातून, त्यांना विचारून. कॅमेर्‍याचं आधी थोडक्यात सांगून टाकतो, कारण मला खरं बोलायचंय ते उंचीबद्दल.

कॅमेरा उत्तम आहे. 1/1.3 इंचाचा सेन्सर, 4के व्हिडिओ सेकंदाला 30 फ्रेमपर्यंत, आणि कॅमेरा उभा फिरवून खरोखरचं उभं चित्रण करता येतं. इथल्या ढगाळ, मळकट उजेडातही सावल्यांमधला तपशील टिकतो. बॅटरी कंपनीच्या आकड्यानुसार 38 मिनिटं चालते, पण तो आकडा वारा नसतानाचा. थोडा वारा आणि 30 टक्क्यांना परत फिरायची सवय धरली, तर मला पंचवीस मिनिटांच्या आसपास मिळतात. तेवढी पुरतात. वजन 249 ग्रॅमपेक्षा कमी. कॅमेर्‍याबद्दल एवढं पुरे.

आता उंची. ब्रिटनमध्ये हौशी उडवणार्‍याला 120 मीटरची, म्हणजे 400 फुटांची मर्यादा आहे. हा आकडा आला कुठून हे समजलं की तो पाळावासा वाटतो. मोकळ्या भागात साधारण विमानांनी माणसांपासून, इमारतींपासून 500 फूट अंतर राखायचं, असा इथला सर्वसाधारण नियम. म्हणजे व्यवहारात ड्रोनची कमाल उंची आणि विमानाची किमान उंची यांच्यात जेमतेम 30 मीटरची मोकळी पट्टी उरते. आपण 120 ऐवजी 140 वर गेलो तर ‘जरासं वर गेलो’ असं होत नाही. त्या पट्टीतला दोन तृतीयांश भाग आपण खाल्लेला असतो.

आणि ही 500 फुटांची मर्यादा सगळ्यांना लागू नाही, ही गोष्ट डोंगरात फार महत्त्वाची. एअर अँब्युलन्स आणि शोध-बचावाची हेलिकॉप्टरं गरजेनुसार कितीही खाली येतात, आणि घसरून पडलेल्या गिर्यारोहकासाठी ती येतात ती नेमकी आपण उभे असतो तसल्याच जागी. शिवाय रॉयल एअर फोर्सची लढाऊ विमानं सरावासाठी 250 फुटांवरून, म्हणजे 76 मीटरवरून जातात. वेग 420 नॉटच्या घरात, ताशी पावणेआठशे किलोमीटर. लेक डिस्ट्रिक्ट आणि वेल्समधल्या दर्‍यांत हे नेहमीचं दृश्य आहे. तिथं 120 मीटरवर तरंगणारा ड्रोन नियमात बसतो, पण विमानाच्या वाटेतही बसतो.

यावर एक हिशेब मला फार उपयोगी पडतो. मिनी 3 नॉर्मल मोडमध्ये सेकंदाला 3 मीटर वेगानं खाली उतरतो. 120 मीटरवरून जमिनीवर यायला 40 सेकंद लागतात. 120 नॉटनं येणारं हेलिकॉप्टर तेवढ्या वेळात जवळजवळ अडीच किलोमीटर कापतं. डोंगराआडून हेलिकॉप्टरचा आवाज नीट ऐकू येतो तेव्हा ते पुष्कळदा त्याहून जवळ असतं. 40 मीटरवर असलो तर 13 सेकंदांत खाली. म्हणून माझी रोजची उंची 30 ते 60 मीटर आहे, आणि 100 च्या वर जायचं तर आधी आकाश पाहून, कान देऊन, काम उरकून लगेच खाली. लढाऊ विमानांच्या बाबतीत हा हिशेबही कामाचा नाही. आवाज येईतो ते डोक्यावर असतं. अशा दरीत आठवड्याच्या कामाच्या दिवशी मी ड्रोन बाहेरच काढत नाही.

पडद्यावर जो उंचीचा आकडा दिसतो तो काय मोजतो, हे नव्या माणसाला कुणीतरी हाताला धरून सांगायला हवं. तो आकडा ड्रोन जिथून उडाला त्या जागेपासूनचा असतो. ड्रोनच्या पोटाखाली या क्षणी जमीन किती खोल आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. आत बॅरोमीटर असतो. समुद्रसपाटीच्या आसपास साधारण 8 मीटर वर गेलं की हवेचा दाब एका मिलीबारनं कमी होतो, त्यावरून तो उंची काढतो. खालच्या बाजूचे सेन्सर जमिनीपासूनचं अंतर पाहतात खरे, पण ते उतरताना उपयोगी पडतील एवढ्याच, काही मीटरच्या टप्प्यात. अर्धा तास उडवेपर्यंत हवामान बदललं तर बॅरोमीटरही थोडा सरकतो. निघाला तिथंच उतरलेला ड्रोन कधी उणे दोन दाखवतो. म्हणून मी 120 ची मर्यादा अगदी काठापर्यंत कधीच वापरत नाही.

सपाट मैदानात या सगळ्यानं काही बिघडत नाही. डोंगरात बिघडतं. इंगलबरो नावाचा 723 मीटरचा डोंगर आहे इथं. त्याच्या उतारावर उभं राहून ड्रोन दरीच्या दिशेनं सरळ पुढे सोडला, पडद्यावर 10 मीटर दिसताहेत, आणि खाली जमीन 150 मीटर खोल गेली आहे, तर ड्रोन जमिनीपासून 160 मीटरवर आहे. पडदा काही बोलणार नाही. अॅपमध्ये 120 ची कमाल उंची लावून ठेवली असली तरी ती मर्यादाही उडालेल्या जागेपासूनच मोजली जाते, म्हणजे तीसुद्धा आडवी येणार नाही. ब्रिटनचा नियम मात्र स्पष्ट आहे: पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून 120 मीटर. उताराच्या बाजूनं, उताराला धरून खाली जायचं. मधूनच सरळ हवेत निघायचं नाही.

आपल्याकडच्या वाचकांना हे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून चटकन कळेल. कड्याच्या टोकावर उभं राहून ड्रोन कोकणाच्या दिशेनं ढकलला की पडद्यावर पाच-दहा मीटर, आणि खाली शेकडो मीटरची पोकळी. (हे फक्त समजण्यासाठी. तो भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं ड्रोन काढायचा नाही.)

उलट दिशेचा धोका जास्त महागात पडतो. पायथ्याला उभं राहून चढाच्या दिशेनं ड्रोन नेला, पडद्यावर 80 मीटर दिसताहेत म्हणून आपण निवांत, आणि समोरचा उतार चारशे मीटर अंतरात शंभर मीटर चढलेला. मिनी 3 ला पुढे पाहणारे सेन्सर नाहीत. तो थांबणार नाही. लांबून पाहताना उतार आणि ड्रोन यांच्यातलं अंतर डोळ्याला अजिबात कळत नाही, हिरव्यावर करडा ठिपका तेवढा दिसतो.

याच कारणानं घरी परतण्याची उंची, म्हणजे आरटीएच, प्रत्येक जागी नव्यानं ठरवावी लागते. सिग्नल तुटला की ड्रोन त्याहून खाली असेल तर त्या उंचीपर्यंत चढतो आणि सरळ रेषेत परत येतो. ती उंचीही उडालेल्या जागेपासूनचीच. मी जागेवर पोचलो की नकाशावरच्या समोच्च रेषा पाहतो, ड्रोन जाईल त्या पट्ट्यात सर्वांत उंच काय आहे ते शोधतो, झाड असेल तर झाडाचे वीस मीटर धरतो, आणि त्यावर आणखी वीस ठेवतो. मधे टेकडी येत असेल तर त्या टेकडीपलीकडे ड्रोन न्यायचाच नाही. टेकडीपलीकडे गेलेला ड्रोन डोळ्यांना दिसत नाही, आणि डोळ्यांना दिसत राहिला पाहिजे हाही नियमच आहे. एवढासा ड्रोन अडीचशे-तीनशे मीटरवर ठिपका होतो. त्याचं तोंड कुठं आहे ते त्याआधीच कळेनासं होतं. दहा किलोमीटरच्या सिग्नलची जाहिरात यापुढे निरर्थक आहे.

वार्‍याबद्दल. हवामानाच्या अंदाजात वार्‍याचा जो वेग देतात तो जमिनीपासून 10 मीटरवरचा असतो. मोकळ्या सपाट जागेत 100 मीटरवर तो साधारण 1.4 पट धरावा. म्हणजे अंदाजात सेकंदाला 7 मीटर असेल तर वर जवळजवळ 10, आणि झोत त्याहून मोठे. मिनी 3 ची वारा सहन करण्याची क्षमता 10.7 मीटर प्रतिसेकंद, आणि नॉर्मल मोडमधला कमाल वेग 10. सरळ गणित करा: 10 च्या उलट्या वार्‍यात नॉर्मल मोडमधला ड्रोन पूर्ण जोर लावूनही जवळजवळ जागच्या जागी राहू शकतो आणि बॅटरी उतरत जाते. स्पोर्ट मोडमध्ये 16 मिळतात, पण बॅटरीचा फडशा पडतो. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे खाली येणं. आरटीएचवर भरवसा ठेवून बसलात तर तो इमानेइतबारे त्याच उंचीवर वार्‍याशी झुंजत राहतो. आरटीएच रद्द करायचा, जमीन आणि झाडं बघत 20-30 मीटरवर यायचं आणि मग परत आणायचा. निघताना वार्‍याच्या तोंडावर निघायचं, म्हणजे परतताना वारा पाठीशी. डोंगराच्या माथ्यावर वारा आणखी वेग घेतो आणि मागच्या बाजूला खाली आपटतो, त्या मागच्या बाजूला मी जात नाही.

चित्रांचा विचार केला तरी उंचीचा हव्यास फुकट आहे, असं माझं ठाम मत झालंय. लेन्स रुंद आहे, 24 मिमीच्या तोडीची. 120 मीटरवरून रचलेल्या दगडांच्या भिंती रेघा होतात, मेंढ्या ठिपके होतात, डोंगर सपाट होतात. 25 ते 45 मीटरवर भिंतीची सावली दिसते, ओढ्याचं वळण दिसतं, आणि मागे क्षितिजावर डोंगर डोंगरासारखा उभा राहतो. रिबलहेडचा रेल्वेपूल 32 मीटर उंच आहे, 24 कमानींचा. लांबून, रुळांपासून दूर राहून, पुलाच्या उंचीच्या आसपास कॅमेरा ठेवला की त्या कमानींची रांग जशी दिसते तशी वरून कधीच दिसत नाही. माझ्याकडची जपून ठेवलेली जवळजवळ सगळी चित्रं 50 मीटरच्या खालची आहेत.

खाली उडवायचं तर जमिनीवरच्यांची काळजी वाढते, हेही सांगायला हवं. वसंतात इथं टिटव्या उघड्या रानात अंडी घालतात, आपल्या टिटवीसारख्याच, आणि तशाच आरडाओरडा करत अंगावर येतात. त्या उठल्या की ड्रोन उतरवायचा आणि ती जागा सोडायची. मेंढ्या विणीच्या असतील तर त्या रानातून उडवायचंच नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 2026 पासून 100 ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोन उडवणार्‍याला फ्लायर आयडी (परीक्षा देऊन मिळणारा उडवणार्‍याचा क्रमांक) लागतो, कॅमेरा असेल तर ऑपरेटर आयडीही (ड्रोनची जबाबदारी ज्याची, त्याचा नोंदणी क्रमांक). फ्लायर आयडीची परीक्षा ऑनलाइन, 40 प्रश्न, 30 बरोबर हवेत. डिसेंबर 2018 मध्ये गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या बातमीनं सुमारे हजार उड्डाणांचा खोळंबा झाला, त्यानंतर विमानतळांभोवतीची बंदीची हद्द मोठी केली गेली. तिथं परवानगीशिवाय एक फूटही उडवता येत नाही, वजन कितीही कमी असो. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणार्‍या संस्थेच्या जमिनीवरूनही परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि देखणे डोंगर बरेच त्यांच्याकडे आहेत.

भारतात येताना मी ड्रोन बरोबर आणत नाही, कारण फेब्रुवारी 2022 पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आणायला बंदी आहे. तिथं उडवणार्‍यांसाठी 2021 च्या ड्रोन नियमांतली उंची लक्षात ठेवण्यासारखी आहे: ग्रीन झोनमध्ये, म्हणजे वेगळी परवानगी न घेता उडवता येतं त्या भागात, 120 मीटर, पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त 60. नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर दिसतो. पुण्यात लोहगावचा विमानतळ आहे, खडकवासल्याला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी आहे, तेव्हा आधी नकाशा, मग बॅटरी चार्ज. मुंबईत पोलिसांचे बंदीचे आदेश वरचेवर निघतात, ते वेगळे पाहावे लागतात. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या गडांवर लेखी परवानगी लागतेच.

घ्यावा का? सपाट मुलखात, शेतावर, समुद्रकिनारी उडवणार असाल तर मिनी 3 जरूर घ्या, पैसे वसूल होतात. डोंगरदर्‍यांतच उडवायचं असेल तर चारी बाजूंनी अडथळे ओळखणारा मिनी 4 प्रो पाहा, वजन जवळजवळ तेवढंच आहे. मी मिनी 3 वरच राहणार आहे, कारण मी उडवतो त्या उंचीवर तो माझ्या नजरेत असतो.