डबे करणारीच्या नजरेतून दिवेआगरचा घरगुती मुक्काम

घर स्वच्छ, जेवण चोख, आंघोळीला गरम पाणी सकाळी आठच्या आत, आणि माशाचा भाव ताटावर बसायच्या आधी विचारून घ्यायचा. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल. पुढचं लिहिलंय ते आमच्यासारख्यांसाठी. ज्यांचा प्रवास आजवर गावची जत्रा, पाहुण्यांची लग्नं आणि पंढरपूर एवढाच झालाय, आणि 'नुसतं फिरायला' म्हणून ज्यांच्या घरातलं कुणी कधी बाहेर पडलेलं नाही.

मी भोसरीत डबे करते. सासर बार्शीकडचं. घरात आमचे हे, चौदा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. आत्या पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, माळकरी, आणि समुद्र कधी न बघितलेल्या. फिरायला जायचा विषय आमच्याकडे दरवर्षी निघायचा आणि बारगळायचा. लोकांना वाटतं पैशामुळे अडतं. पैसा लागतोच, पण आमची खरी अडचण वेगळी होती. हॉटेलात गेल्यावर काउंटरवर बोलायचं कुणी? कार्डावरचं कळलं नाही तर विचारायचं कसं? आत्यांना चहा दोनदा लागतो, तो मागितला तर वेगळे पैसे लावतील का? पोरांनी गादीवर उड्या मारल्या तर कुणी ओरडेल का? लग्नाच्या वऱ्हाडात पन्नास माणसांत वावरायला काही वाटत नाही, पण अनोळखी ठिकाणी आपण पाचच जण म्हटलं की पाय मागे येतो.

म्हणून पहिल्या खेपेला हॉटेल नको, घरगुती सोय बघावी असं माझं मत झालं, आणि जाऊन आल्यावर ते पक्कं झालंय. कोकणात समुद्राकाठच्या दिवेआगरला 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशा पाट्या गल्लोगल्ली आहेत. पुढे घर, मागे नारळी-पोफळीची वाडी, बाजूला बांधलेल्या दोन-चार खोल्या. आम्ही राहिलो त्या घराचं नाव इथे टाकत नाही. घरच्या मालकीण काकूंनीच सांगितलं, "खोल्या चार, फोन घ्यायला मी एकटी, आधीच दिवसभर वाजतोय." शिवाय नावापेक्षा घर निवडायचं कसं ते कळलं तर जास्त उपयोग आहे. मी चार-पाच ठिकाणी फोन लावले. एका ठिकाणी "ऑनलाइन बघून घ्या" म्हणून फोन ठेवला. एकाने फोटो पाठवायच्या आधीच पूर्ण पैसे मागितले. अशाला एक रुपया पाठवू नका. या काकूंनी मात्र उलट मलाच विचारलं, "माणसं किती? म्हातारं कुणी आहे का? मासे खाता की नाही?" म्हातारं माणूस आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मग तुम्हाला खालची खोली देते, पायऱ्या नाहीत." पाचशे रुपये आगाऊ घेतले, बाकी तिथे गेल्यावर. फोनवर जे घर आधी तुमच्या माणसांची चौकशी करतं ते धरायचं.

जाण्याचा खर्च ऐकून शेजारणी चाट पडल्या. एसटीने गेलो. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, म्हणजे मी आणि मुलगी अर्ध्यात. मुलगा बारा वर्षांच्या आतला, तोही अर्ध्यात. आत्यांना पंच्याहत्तरीच्या पुढचा मोफत प्रवास, आधार कार्ड दाखवलं की झालं. अख्खं तिकीट काय ते एकट्या आमच्या ह्यांचं, आणि तेवढ्यावरून त्यांनी ताम्हिणी घाट येईपर्यंत तोंड पाडलं होतं. रस्ता ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा असा. म्हसळ्याला उतरून बोर्ली-दिवेआगरकडची गाडी धरली. घाटात वळणं भरपूर. ज्यांना गाडी लागते त्यांनी पोटभर खाऊन बसू नये, आल्याची वडी जवळ ठेवावी आणि पिशवी हाताशी. आमच्याकडे ती पिशवी लागली, मुलाला.

आता जेवण. यावर मी सविस्तर बोलणार, माझा धंदाच तो आहे.

पहिल्या दिवशी दुपारी ताटात वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, बटाट्याची भाजी, खोबऱ्याची चटणी, भात-आमटी आणि सोलकढी. एकशे ऐंशी रुपये ताट, वाढप हवं तेवढं. बिरडं म्हणजे काय काम आहे ते करणारीलाच माहीत. वाल भिजवा, मोड आणा, कोमट पाण्यात टाकून एकेक सोला, आणि सोललेला दाणा शिजताना मोडता कामा नये. माझ्या वाटीतला एक दाणा फुटलेला नव्हता. मी स्वयंपाकघरात डोकावले तर काकूंची जाऊ पाटावर बसून दुसऱ्या दिवसाचे वाल सोलत होती. तयार सोललेले आणत नाही का विचारलं तर म्हणाली, "आणतात की लोक. मग चव पण आणलेलीच लागते."

भाकरीने आमची पंचाईत केली. आम्ही ज्वारीवाले. तांदळाच्या पिठाची उकड काढून केलेली ती पांढरी, मऊ भाकरी आत्यांनी दोन बोटांत धरून उलटसुलट बघितली. "हिला दाताची गरजच न्हाई की," म्हणाल्या आणि तीन खाल्ल्या. सोलकढीला मात्र त्यांनी हात लावला नाही, रंगच पटला नाही. तिखटाची तक्रार आमच्या ह्यांची. कोकणातलं जेवण आपल्याकडच्या मानाने सौम्य, नारळ जास्त. ठेचा घरून नेला होता तो कामी आला. तुम्हीही न्या, कुणी रागावत नाही.

मला सगळ्यात काय आवडलं सांगू? आत्या माळकरी आहेत हे फोनवर एकदाच सांगितलं होतं. जेवायला बसलो तर त्यांचं पान खिडकीपाशी वेगळं मांडलेलं, माशाची कढई दुसऱ्या चुलीवर, आणि वाढताना माशाची पळी आमटीच्या पातेल्याकडे एकदाही गेली नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. पंचवीस डबे भरताना एक पळी इकडची तिकडे जाते हे मला पुरतं ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी एकादशी निघाली, तर सकाळी न सांगता आत्यांपुढे वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी आली. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

आता जिथे कमी पडलं ते. मासळीच्या ताटाचा भाव पाटीवर साडेतीनशे, बिलात साडेचारशे. कारण काय, तर त्या दिवशी सुरमईची तुकडी मोठी होती. मोठी होती हे खरं, चवही उत्तम, पण मग ते वाढायच्या आधी सांगावं. मी डब्यात पनीर घालते तेव्हा गिऱ्हाइकाला आदल्या दिवशी सांगते. काकांना हे बोलून दाखवलं. ते हसले, पैसे मात्र घेतलेच. गरम पाणी बंबाचं, सकाळी एकदा पेटतो. उशिरा उठणाऱ्याने गार पाण्याने आंघोळ करायची. गाद्या पातळ आहेत, ह्यांची पाठ धरली. वीज रात्री गेली तेव्हा इन्व्हर्टरवर एक पंखा आणि एक दिवा चालला. वाडीतले डास संध्याकाळी सहानंतर सोडत नाहीत, त्यामुळे ओडोमॉस घरूनच न्या. मोबाइलची रेंज खोलीत येत-जात होती, म्हणून रोख पैसे जवळ हवेतच.

एक बारीकशी सोय मात्र फार विचार करून केलेली. मागच्या फाटकाशी नळ, नळाखाली सपाट दगड आणि बाजूला वाळत घालायची दोरी. समुद्रावरून आलं की तिथेच पाय धुवायचे, पोरांचे कपडे पिळायचे आणि मग आत. खोलीत वाळूचा कण नाही.

ही खोल्यांची सोय वाढली कशी ते काकांनी सांगितलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ नवी लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. "तोवर खायचं काय? मग होत्या दोन खोल्या त्याच्या चार केल्या." वाडीत फिरताना दिसतंच, जुनी उंच झाडं मधूनमधून आणि बाकी सगळी माझ्या मुलीच्या वयाच्या आतली.

बघायला काय आहे, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर थोडकंच आहे, आणि पहिल्या सहलीला तेच बरं. समुद्रकिनारा लांबलचक, सपाट, कडेने सुरूची झाडं. सुवर्ण गणेशाचं देऊळ गावातच. १९९७ साली एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा मुखवटा सापडला. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकरी जिवानिशी गेले. चोरांनी मुखवटा वितळवला होता. पुढे मिळालेल्या सोन्यातून तो पुन्हा घडवला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये देवळात बसवला. आत्यांनी ही हकिगत पुजाऱ्यांकडून दोनदा ऐकली. रूपनारायणाचं देऊळही चालत जाण्यासारखं, विष्णूची जुनी दगडी मूर्ती आहे, प्रभावळीत दशावतार कोरलेत. मुलीने एकेक अवतार बोट ठेवून मोजला. श्रीवर्धन, हरिहरेश्वरला रिक्षा करून अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांतून समुद्राच्या कडेने आहे, ती फक्त ओहोटीला करायची. भरतीत तिथे माणसं वाहून गेलेली आहेत, तेव्हा देवळात विचारल्याशिवाय पायऱ्या उतरायच्या नाहीत. जंजिरा आम्ही सोडला. एका खेपेत सगळं उरकायला गेलं की म्हातारं माणूस गाडीतच बसून राहतं.

भरतीवरून आठवलं. किनाऱ्यावर कधी जायचं हे काकांनी आत्यांना शिकवलं: तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती. एकादशी, म्हणजे अकराचे पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठच्या आसपास पाणी भरलेलं, तसंच रात्री, आणि मधे दुपारी अडीचच्या सुमाराला ओहोटी. अंदाजाचं गणित आहे, पण चालतं. आत्यांना शाळा माहीत नाही, तिथी मात्र झोपेतही विचारा. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी त्याच आम्हाला सांगत होत्या, "आज बारस. नवाला पानी वर येतंय, आत्ता पोराला सोडू नका." नऊला पाणी सुरूच्या झाडांच्या बरंच जवळ आलं होतं. तोवर समुद्राला घाबरून कोरड्या वाळूत बसलेल्या बाई, पाणी आपल्या हिशेबाने येतंय-जातंय म्हटल्यावर साडी वर खोचून गुडघ्यापर्यंत आत गेल्या.

किनाऱ्यावर घोडागाडी, वाळूतल्या चारचाकी मोटारी वगैरे आहे. पहिला भाव सांगतील त्याच्या निम्म्यावर येतात, तेवढं धरून बोला.

खर्च. दोन मुक्काम, पाच माणसं, येणं-जाणं, खाणं, रिक्षा, पोरांचे हट्ट आणि येताना घेतलेलं कोकम आगळ, सगळं धरून अकरा हजारांच्या आत बसलं. खोली दीड हजार रुपये रोज, आत्यांसाठी जादा गादी त्यातच. हा भाव मधल्या वारांचा आहे. भोसरीत कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, त्यामुळे आम्ही गुरुवार मधे धरून गेलो. डब्यांचं नुकसान कमी झालं, मुलांची शाळा तेवढी बुडाली. किनाऱ्यावर माणसंही मोजकी होती. शनिवार-रविवारचा त्याच खोलीचा भाव विचारला तर अडीच हजार सांगितला, आणि नाताळाच्या आठवड्याचा तर काकूंनी सांगितलाच नाही; "तेव्हा तुम्ही येऊच नका," म्हणाल्या. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ चांगला.

ज्यांना एसी, पोहायचा तलाव आणि खोलीत आणून दिलेला चहा हवा त्यांनी या गल्लीत येऊ नये, दोन्हीकडून वैताग होईल. इथे चहा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन मागायचा. आत्यांनी दिवसातून दोनदा नाही, चारदा मागितला आणि चौथ्या वेळी काकूंनी त्यांच्या हातात चहाच्या पावडरीचा डबाच दिला.