सीफेल्ड की होल्मेनकोलेन? नॉर्डिक कम्बाइन्डसाठी एकच मुक्काम करायचा असेल तर

नोव्हेंबरच्या अखेरीस फिनलंडमधल्या रुका येथे नॉर्डिक कम्बाइन्डच्या, म्हणजे स्कीवरची उडी आणि स्कीवरची शर्यत अशा जोडखेळाच्या, विश्वचषकाचा हंगाम सुरू झाला, की म्युनिकमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून दरवर्षी एक प्रश्न येतो. सगळा हंगाम काही प्रत्यक्ष पाहता येत नाही, रजा मोजक्या असतात आणि पैसेही मोजकेच. मग एकाच ठिकाणी जायचे झाले तर कोठे जावे? चर्चा फिरून फिरून दोन नावांवर येते. पहिले ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातले सीफेल्ड, जेथे जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या आरंभी तीन दिवसांची 'ट्रिपल' होते. आणि दुसरे ऑस्लोचे होल्मेनकोलेन, जेथे मार्चमध्ये हंगाम उतरणीला लागलेला असतो. मी सीफेल्डला तीनदा आणि होल्मेनकोलेनला दोनदा, दोन्हीकडे पदरचे पैसे खर्च करून, गेलो आहे. पाच फेऱ्यांच्या अनुभवावरून ठाम विधान करणे धाडसाचे ठरेल हे मान्य करूनच पुढचे लिहीत आहे.

आधी उडी, तिच्या गुणांवरून ठरणारे शर्यतीला सुटण्याच्या वेळांतले अंतर आणि मग स्कीवरची दहा किलोमीटरची शर्यत, हा खेळाचा सांगाडा वाचकांना ठाऊक आहे असे धरतो. दोन्ही ठिकाणी उडीचा उतार आणि शर्यतीचे मैदान शेजारीशेजारी आहेत, दोन्हीकडे रेल्वेने जाता येते. म्युनिकहून गार्मिश आणि मिटेनवाल्डमार्गे सीफेल्डला उतरले की गाव समोरच असते. ऑस्लोत एक क्रमांकाची मेट्रो शहरातून डोंगर चढत होल्मेनकोलेनच्या थांब्यावर सोडते आणि तेथून थोडा चढ पायी चढावा लागतो. प्रवासाच्या सोयीवरून निर्णय करण्यासारखे यात फारसे काही नाही. विमानाचे भाडे आणि ऑस्लोतली महागाई यांचा हिशेब ज्याने त्याने करावा.

होल्मेनकोलेनच्या बाजूने बोलायचे तर इतिहासापासूनच सुरुवात करावी लागते. येथे १८९२ पासून स्पर्धा होत आहेत, आणि त्या काळात उडी व धावणे दोन्ही साधणारा तोच खरा स्कीपटू मानला जाई. नॉर्वेचे युवराज ओलाव, म्हणजे पुढचे राजे पाचवे ओलाव, यांनी १९२२ आणि १९२३ मध्ये या उतारावरून स्वतः उड्या मारल्या होत्या. ऑलिम्पिकमध्ये १९२४ पासून असलेल्या या खेळात पूर्वी शर्यत आधी आणि उडी नंतर होत असे; हा क्रम उलटला तो १९५२ च्या ऑस्लो ऑलिम्पिकमध्ये, याच होल्मेनकोलेनवर, आणि सुवर्णपदकही घरच्याच सिमोन स्लोटविकला मिळाले. आज उभा असलेला पोलादी उतार २०१० मध्ये नव्याने बांधून झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. शहरातून वर पाहिले की तो टेकडीच्या माथ्यावरून बाहेर झेपावलेला दिसतो. पहिल्यांदा पाहताना माझ्या पत्नीने मेट्रोच्या खिडकीतून हात जोडले होते, आणि ते सगळेच काही थट्टेने नव्हते.

सीफेल्डला असे वैभव नाही. इन्सब्रुकच्या १९६४ आणि १९७६ च्या ऑलिम्पिकमधल्या बहुतेक नॉर्डिक स्पर्धा येथे झाल्या आणि २०१९ ची जागतिक स्पर्धाही बहुतांशी येथेच झाली, परंतु गावात फिरताना या गोष्टींचे दडपण वाटत नाही. जे आहे ते एवढेच, की ट्रिपलच्या तीन दिवसांत हे गाव नॉर्डिक कम्बाइन्डचे असते. २०१४ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा पाच, दहा आणि पंधरा किलोमीटर अशा चढत्या लांबीच्या तीन शर्यती ठेवल्या होत्या. पुढे स्वरूपात फेरबदल झाले, तरी तीन दिवसांचा कस लावून एक विजेता ठरवायचा ही मूळ कल्पना टिकून आहे. पहिल्या चारही वेळा जर्मनीच्या एरिक फ्रेन्झेलने बाजी मारली. होल्मेनकोलेनच्या आठवड्यात मात्र लोक मुख्यतः पन्नास किलोमीटरच्या शर्यतीसाठी आणि निव्वळ उडीच्या स्पर्धेसाठी येतात. आपला खेळ तेथे पानाच्या डाव्या बाजूला, कोशिंबिरीच्या जागी वाढलेला असतो. कोशिंबीर उत्तम असते, पण पंगत तिच्यासाठी बसलेली नसते.

उताराच्या आकाराचा मुद्दा बहुतेक लोक पहिल्यांदा विचारतात आणि माझ्या मते तो थोडा फसवा आहे. होल्मेनकोलेनचा उतार मोठा, १३४ मीटरच्या वर्गातला; हा आकडा उंचीचा नव्हे, उडीच्या लांबीचा. सीफेल्डचा लहान, १०९ मीटरचा. डोळ्यांना मोठा उतार अधिक थरारक वाटतो यात शंका नाही. परंतु नॉर्डिक कम्बाइन्डमध्ये उडी ही शर्यतीची उधारी असते. दहा किलोमीटरच्या शर्यतीसाठी पंधरा गुणांचे एक मिनिट, म्हणजे एका गुणाचे चार सेकंद धरतात. सीफेल्डसारख्या लहान उतारावर एक मीटर म्हणजे दोन गुण, अर्थात आठ सेकंद. होल्मेनकोलेनवर एक मीटर म्हणजे १.८ गुण, साधारण सव्वासात सेकंद. कागदावर लहान उतारच अधिक कठोर वाटतो, पण मोठ्या उतारावर चांगल्या आणि सामान्य उडीतले अंतर इतक्या मीटरांनी वाढते, की शेवटी खेळाडूंमधल्या सेकंदांच्या दऱ्या तेथेच रुंद पडतात. नॉर्वेचा यार्ल मॅग्नस रीबेर ऐन भरात असताना त्याने मोठ्या उतारावर एक उत्तम उडी साधली, की बाकीच्यांची शर्यत दुसऱ्या क्रमांकासाठीच उरायची. पाच वेळा विश्वचषक जिंकणारा हा खेळाडू २०२५ मध्ये आतड्याच्या क्रोन आजारामुळे निवृत्त झाला, तेव्हा हा आक्षेप आता थोडा बोथट झाला असेल. तरीही मला जी चुरस पाहायला आवडते ती सीफेल्डला अधिक वेळा मिळाली, असे माझे अनुभव सांगतात.

ती चुरस म्हणजे काय, हे सुरुवातीच्या रेषेपाशी उभे राहून पाहावे. उडीतला पहिला निघून जातो आणि मैदान क्षणभर रिकामे वाटते. दुसरा आपल्या पट्ट्यात वाकून उभा असतो, काठ्यांची टोके बर्फात रुतवलेली, नजर घड्याळावर, आणि शेजारी उभा असलेला पंच त्याला निघू देण्याच्या तयारीत. मग दोघे, मग चौघे, आणि नंतर एकामागून एक अशी रांगच सुटते. उतारावर चुकलेल्या प्रत्येक मीटरचे सेकंद तेथे माणसांच्या रूपाने उभे असतात. पुढचा एकटा वारा कापत जातो, मागचे पाचसहा जण आळीपाळीने एकमेकांना ओढत नेतात, आणि कधी कधी प्रत्येक जण दुसऱ्यानेच ओढावे म्हणून रेंगाळतो तेव्हा ते अंतर कमी होता होता थांबते. अडीचेक किलोमीटरच्या फेऱ्या असल्यामुळे दर काही मिनिटांनी हे दृश्य पुन्हा समोरून जाते.

उडी आणि शर्यत यांच्यामध्ये बऱ्याचदा दोनतीन तास जातात, हे नवख्यांना कोणी सांगत नाही. तो वेळ घालवण्याच्या बाबतीत मात्र ऑस्लोला झुकते माप द्यावे लागेल. उताराच्या पायथ्याशीच १९२३ पासूनचे स्कीचे संग्रहालय आहे आणि लहान मुले तेथे सहज रमतात. सीफेल्डला आपण गावात जाऊन सूप प्यावे, दुकानांच्या काचा पाहाव्यात आणि परत यावे, एवढेच. आम्ही एकदा थर्मासमधला चहा आणि घरचे धपाटे घेऊन बाकावर बसलो होतो. तेही वाईट नव्हते.

आता त्या एका गोष्टीकडे येतो जिच्यामुळे माझे पारडे फिरले. होल्मेनकोलेनचे धुके नॉर्वेत प्रसिद्ध आहे. खाली समुद्राचा फाटा आणि वर टेकडी अशी रचना असल्यामुळे ढग माथ्यावर येऊन बसतो आणि हलायचे नाव घेत नाही. पहिल्या वेळी गेलो तेव्हा उतार अर्ध्यावरून नाहीसा झालेला होता. ध्वनिक्षेपकावरून खेळाडूचे नाव ऐकू येई, मग काही क्षण काहीच नाही, आणि अचानक त्या पांढऱ्या भिंतीतून एक आकृती पाय टेकण्याच्या बेतात असतानाच बाहेर पडे. उडीचा खरा भाग, म्हणजे हवेत शरीर स्कीवर आडवे टाकून तरंगत राहणे, मी एकदाही पाहिला नाही. स्कीचा बर्फावर आपटण्याचा आवाज तेवढा चाळीसपन्नास वेळा ऐकला. शेजारचे नॉर्वेजियन कुटुंब मांडीवर घोंगडी टाकून शांतपणे संत्री सोलत होते. त्यांच्या लेखी हा त्या जागेचा रिवाजच असावा.

हेही मी सोसले असते. दुसऱ्या वेळी धुके नव्हते, वारा होता. उड्या पुढे ढकलल्या, पुन्हा पुढे ढकलल्या आणि अखेर रद्द झाल्या. अशा वेळी काय करायचे याची तरतूद नियमांत आहे. स्पर्धेच्या आधी, बहुधा आदल्या दिवशी, सर्वांची एक राखीव उडी घेतात, तिला प्रोव्हिजनल राउंड म्हणतात, आणि मुख्य उडी होऊच शकली नाही तर तिचेच गुण धरून शर्यत सोडतात. व्यवस्था चोख आणि न्याय्य आहे, खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी आवश्यकही आहे, आणि तिच्याविषयी तक्रार करण्याचा मला काही अधिकार नाही. पण माझ्याकडे तिकीट एकाच दिवसाचे होते. सुरुवातीच्या रेषेवर पहिला निघाला, त्यामागे अठरा सेकंदांनी दुसरा निघाला, आणि ते अठरा सेकंद कोठून आले हे मी पाहिलेच नव्हते. मधल्या पानांवाचून कादंबरीचा शेवट वाचावा तसे झाले. शर्यत चांगली झाली असे लोक म्हणाले. मी आकडे पाहत उभा होतो.

घरी परतताना विमानात लक्षात आले, की मला या खेळातले नेमके काय आवडते ते मी तोवर कधी नीट ओळखलेच नव्हते. मला उडी आवडते त्याहून, आणि शर्यत आवडते त्याहूनही, उडीचे सेकंदांत होणारे रूपांतर आवडते. एखाद्याने हवेत चूक केलेली मी दुपारी पाहिली आणि संध्याकाळी ती चूक फेडताना त्याला शेवटच्या चढावर पाहिले, तरच त्या दिवसाचे तिकीट वसूल होते. सीफेल्डलाही वारा येतो, तेथेही एखादी उडी रद्द होऊ शकते. परंतु तीन दिवसांपैकी एक दिवस हवामानाने खाल्ला तरी दोन हातात राहतात, आणि उतार लहान व डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे तेथे वाऱ्याचा त्रास मला तरी कमी जाणवला. तीन फेऱ्यांत उडी पाहिल्यावाचून मी एकदाही परत आलो नाही. याला मोजमाप म्हणता येणार नाही, योगायोगही असेल.

सीफेल्डचे दोष झाकून ठेवणे बरे नव्हे. समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपास असलेल्या या गावात उबदार हिवाळ्यात निसर्गाचा बर्फ पुरत नाही, आणि मग हिरवट-तपकिरी माळावर यंत्राने केलेल्या बर्फाचा पांढरा पट्टा तेवढा दिसतो, जो पाहून छायाचित्रे काढण्याचा उत्साह मावळतो. हॉटेले त्या तीन दिवसांत भाव चढवून ठेवतात. शिवाय तीन दिवस सलग तेच खेळाडू, तोच उतार, तीच फेरी पाहणे ज्याला कंटाळवाणे वाटेल त्याला मी दोष देणार नाही; माझी धाकटी मुलगी तिसऱ्या दिवशी सकाळी उठायलाच तयार नव्हती. तिला उठवले ते स्त्रियांच्या उड्यांचे आमिष दाखवून. स्त्रियांचा विश्वचषक २०२०-२१ च्या हंगामापासून सुरू आहे, तरी २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिम्पिकमध्ये त्यांना जागा मिळाली नाही, हे तिला सांगितल्यावर मात्र ती चांगलीच रागावली आणि दिवसभर त्यांच्याच बाजूने ओरडत राहिली.

तेव्हा ज्यांना आयुष्यात एकदाच हा खेळ पाहायचा आहे, ज्यांना जागेचा इतिहास आणि जंगलात शेकोट्या पेटवून बसलेली नॉर्वेची गर्दी अनुभवायची आहे, आणि जे ऑस्लो शहर पाहण्यासाठी एरवीही जाणारच आहेत, त्यांनी होल्मेनकोलेनला जरूर जावे. मी त्यांना अडवणार नाही. त्यांनी फक्त एक दिवस आधी पोहोचावे आणि प्रोव्हिजनल राउंड चालू असताना वर जावे. त्या वेळी मैदान जवळजवळ रिकामे असते, हव्या त्या जागी उभे राहता येते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच उड्या मोजल्या गेल्याच तर त्या तुम्ही पाहिलेल्या असतील. आम्ही यंदाची खोली सीफेल्डला सप्टेंबरातच सांगून ठेवली आहे, तिन्ही दिवसांसाठी.