सहा महिने ‘वीकन’चे प्रश्न सोडवल्यावर

एमबीए सीईटीसाठी ऑगस्टमध्ये क्रिटिकल रीझनिंगच्या, म्हणजे छोटा युक्तिवाद तपासायच्या प्रश्नांच्या, सरावाचं एक ॲप घेतलं. त्यातल्या ‘वीकन’च्या प्रश्नात दिलेला निष्कर्ष कोणता पर्याय कमकुवत करतो ते ओळखायचं असतं. सहा महिन्यांचे बाराशे रुपये. नाव लिहीत नाही, कारण तक्रारी आहेत आणि कंपनी छोटी दिसतेय. मी राहते कासारवडवलीला, ऑफिस घणसोलीला. ठाण्याहून पनवेल लोकलमध्ये बसायला मिळालं तर पाच-सहा प्रश्न होतात, उभं राहावं लागलं तर दोन.

ॲपची सर्वात चांगली गोष्ट म्हणजे ते पर्याय लगेच दाखवत नाही. आधी विचारतं, निष्कर्ष कोणत्या वाक्यात आहे? पहिले पंधरा दिवस याचा वैताग आला. तोवर मी ज्या पर्यायाचा सूर विरोधी वाटेल तो टिक करायची आणि दहातले जेमतेम चार बरोबर यायचे.

उदाहरण आमच्या सोसायटीचंच देते. सेक्रेटरी काकांनी नोटीस लावली होती: ‘जूनमध्ये सगळ्या नळांना एरेटर बसवले. मेच्या मानाने जुलैत टँकर निम्म्यावर आले. म्हणजे एरेटरमुळेच टँकर कमी झाले.’ (एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाला लावायची, पाणी वाचवणारी जाळी. घोडबंदर रोडवाल्यांना टँकर काय चीज आहे ते सांगायला नको.) आता हा निष्कर्ष कमकुवत कोण करतं? अ, एरेटरचा खर्च टँकरच्या बचतीपेक्षा जास्त झाला. ब, काही रहिवाशांनी एरेटर काढून टाकले. क, शेजारच्या सोसायटीत एरेटर नाहीत, तरी तिथेही टँकर निम्म्यावर आले. ड, एरेटर बसवण्याआधी आणि नंतर पाण्याचा वापर कोणी मोजला नव्हता.

वाचल्या वाचल्या डोक्यात येतं, अहो, जुलैत पाऊस असतो! मग मी पर्यायांत पाऊस शोधत बसायची. तो नसतोच. उत्तर क आहे. त्यात पावसाचं नावही नाही, पण एरेटरशिवायही टँकर घटतात एवढं ते दाखवतं आणि ‘मुळेच’ला तडा जातो. तेव्हापासून मी नेमकं कारण ओळखायला जात नाही, ‘दुसरं कारण असू शकतं’ एवढंच मनात धरते आणि पर्याय बघते. अ वेगळ्याच मुद्द्याचा आहे, एरेटर परवडले का याचा. ब मधला ‘काही’ म्हणजे दोन घरंही असू शकतात. मला दोन महिने छळलं ते ड सारख्या पर्यायांनी. पुरावा तोकडा आहे एवढंच ते म्हणतात, निष्कर्षाविरुद्ध नवीन काही आणत नाहीत. आणि ‘शेजारच्यांचा आकडा खरा कशावरून?’ असं विचारायचं नसतं. पर्याय खरा धरूनच चालायचं. (काकांना क ऐकवला. ते म्हणाले, “पुढच्या वर्षी तूच ये कमिटीत.”)

आता तक्रारी. चुकीच्या पर्यायांचं स्पष्टीकरण जवळजवळ सगळीकडे एकच, ‘स्कोपच्या बाहेर’. अहो, वीकनच्या प्रश्नात बरोबर उत्तरही बऱ्याचदा बाहेरची माहिती घेऊन येतं! वरचा क बघा, नोटिशीत शेजारची सोसायटी कुठे होती? ईमेल केला, ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असं उत्तर आलं. संपलं.

दुसरं, ॲप मुळात जीमॅट या दुसऱ्या प्रवेश परीक्षेच्या वेगाचं. तिथे व्हर्बलला, म्हणजे ज्या भागात हे प्रश्न येतात त्याला, ४५ मिनिटांत २३ प्रश्न, म्हणजे एकाला जवळपास दोन मिनिटं. सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न, एकाला ४५ सेकंद. टायमर बदलता येत नाही. शिवाय चुकलं की ॲप गुण कापतं, त्यामुळे मला प्रश्न सोडून द्यायची सवय लागली. सीईटीला निगेटिव्ह मार्किंगच नाही! ती सवय मोडायला डिसेंबर गेला. शेवटी फोनचा टायमर ४५ सेकंदांवर लावून लोकलमध्ये सोडवत होते.

फेब्रुवारीत सबस्क्रिप्शन संपलं, पुन्हा घेतलं नाही. जीमॅट देणार असाल तर सहा महिन्यांचं घ्या. सीईटीवाल्यांनी महिन्याचा प्लॅन फार तर दोनदा घ्यावा आणि कोणता चुकीचा पर्याय का खरा वाटला, ते वहीत स्वतःच लिहावं. ॲप ते सांगत नाही.