देशोदेशीची हौशी संगणक मासिके: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठ महिन्यांत मी १९७५ ते १९९० या काळातील हौशी संगणक मासिकांचे स्कॅन केलेले अंक नुसते चाळले नाहीत, तर त्यांतील प्रोग्रॅम एम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ओळीमागून ओळ टंकून चालवून पाहिले. इंग्रजी अंक थेट वाचले, जर्मन आणि स्पॅनिश अंकांसाठी शब्दकोश हाताशी ठेवला, तर जपानी, रशियन आणि सर्बियन मजकुराच्या बाबतीत यंत्रानुवादावरच भिस्त होती. दर्जा जोखण्याची कसोटी मात्र सगळीकडे एकच लावली: बाहेरची मदत न घेता, केवळ छापील पानाच्या आधारे वाचकाला काम तडीस नेता येते का?

अमेरिकेचे ‘बाइट’ सप्टेंबर १९७५ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील पीटरबरो येथून सुरू झाले. त्याच्या विषयांचा आवाका आजही थक्क करतो. ऑगस्ट १९८१ चा अंक स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेला वाहिलेला आहे. बहुतेक वाचकांच्या घरी ती भाषा चालवू शकेल असे यंत्रही त्या वेळी नव्हते, तरीही वाचकाला हे समजेल आणि समजायला हवे, असा विश्वास पानोपानी जाणवतो. स्टीव्ह सिआर्सिया यांचे ‘सर्किट सेलर’ हे सदर मला सर्वांत उपयोगी वाटले, कारण त्यात विद्युत मंडल कसे जोडायचे याबरोबरच ते तसे का जोडायचे हेही सांगितलेले असते. पुढे काही अंक ६०० पानांच्या वर गेले आणि जाहिरातींच्या गर्दीत लेखाचा उरलेला भाग शोधणे कष्टाचे झाले.

लिस्टिंग, म्हणजे टंकण्यासाठीचा प्रोग्रॅमचा मजकूर, छापण्याच्या बाबतीत अमेरिकेतीलच ‘कंप्यूट’ कितीतरी पुढे आहे. कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर पडदा पुसण्याची खूण लिस्टिंगमध्ये उलट्या रंगातील बदामासारखी दिसते, आणि फिकट छपाईत ती ओळखणे जवळजवळ अशक्य असते. ‘कंप्यूट’ने अशा खुणा महिरपी कंसात शब्दांनी छापल्या आणि त्या कशा टंकायच्या याचे मार्गदर्शनही दिले. यंत्रभाषेतील, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आकड्यांतील, प्रोग्रॅम टंकण्यासाठी त्यांचे ‘एमएलएक्स’ हे साधन होते: ओळीच्या शेवटी तपासणीचा आकडा असे आणि तो जुळल्याशिवाय पुढची ओळ टंकता येत नसे. ‘स्पीडस्क्रिप्ट’ हा संपूर्ण शब्दसंस्कारक (वर्ड प्रोसेसर) याच प्रकाशनाच्या ‘गॅझेट’ मासिकात जानेवारी १९८४ मध्ये छापून आला. तो टंकायला मला नऊ संध्याकाळी लागल्या, आणि पहिल्याच प्रयत्नात तो चालला तेव्हा ज्यांनी ही पद्धत रचली त्यांच्याविषयी मनापासून कृतज्ञता वाटली.

तपासणीच्या आकड्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण मासिकांच्या दर्जातील खरा फरक मला तेथे दिसला. आकडा म्हणजे ओळीतील संख्यांची नुसती बेरीज असेल, तर दोन संख्यांची अदलाबदल त्यातून निसटते. ३ अधिक ५ आणि ५ अधिक ३ यांचे उत्तर एकच येते. प्रत्येक संख्येला तिच्या स्थानानुसार गुणक लावला, तर ही चूक पकडली जाते. एका मासिकातील साध्या बेरजेवर विसंबून माझे दोन दिवस वाया गेले. तेव्हापासून कोणताही नवा अंक उघडल्यावर मी आधी तपासणीची पद्धत पाहतो, मग मागील अंकांतील चुकांची दुरुस्ती छापली आहे का ते पाहतो, आणि त्यानंतरच लेखाकडे वळतो.

या निकषावर जर्मनीचे ‘६४-अर’ मला सर्वांत भरवशाचे वाटले. एप्रिल १९८४ मध्ये सुरू झालेल्या या मासिकाचा ‘एमएसई’ हा टंकन-प्रोग्रॅम ओळीगणिक तपासणी करतो, आणि लेखांची मांडणी इतकी शिस्तशीर आहे की अर्धवट जर्मन येणाऱ्यालाही वाट सापडते. हॅनोव्हरहून निघणारे ‘त्सेटे’ १९८३ पासून आजही चालू आहे आणि तांत्रिक खोलीबाबत त्याने आपला आग्रह सोडलेला नाही. स्पेनचे ‘मायक्रोहॉबी’ स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या धारकांसाठी १९८४ मध्ये साप्ताहिक म्हणून निघाले. दर आठवड्याची घाई असूनही यंत्रभाषेसाठी त्यांनी स्वतःचा लोडर (टंकलेले आकडे स्मृतीत भरणारा प्रोग्रॅम) दिला, ही बाब मला विशेष मोलाची वाटते.

ब्रिटनच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे पडेल. लडलो गावातून निघालेले ‘क्रॅश’ खेळांची परीक्षणे स्थानिक शाळकरी मुलांकडून करून घेई आणि एकाच खेळावर अनेक मते शेजारी शेजारी छापी; ही कल्पना उत्तम होती आणि वाचनही रंगतदार आहे. मात्र माझी कसोटी तेथे फारशी लागू पडत नाही, कारण ते मुख्यतः खेळणाऱ्यांचे मासिक होते. जपानच्या ‘मायकॉम बेसिक मॅगझिन’मध्ये वाचकांचेच प्रोग्रॅम निरनिराळ्या यंत्रांसाठी छापलेले दिसतात, आणि अनुवादाची अडचण असूनही लिस्टिंग स्वच्छ असल्याने ते वापरता आले.

ज्या देशांत तयार यंत्र मिळणेच दुरापास्त होते, तेथील मासिकांनी मला सर्वाधिक शिकवले. सोव्हिएत ‘रादिओ’ने आधी ‘मिक्रो-८०’ या घरी जोडायच्या संगणकाची रचना छापली, तिला सुमारे २०० चिपा लागत. पुढे १९८६ मध्ये त्याच मासिकातील ‘रादिओ-८६आरके’ने हे काम २९ चिपांवर आणले.

युगोस्लाव्हियात ‘गालाक्सिया’ मासिकाच्या देयान रिस्तानोविच यांनी संपादित केलेल्या खास अंकात वोया आंतोनिच यांच्या संगणकाची संपूर्ण जुळणी छापली गेली. पडद्यावरील चित्र काढण्याचे काम स्वतंत्र चिपऐवजी झेड-८० प्रोसेसरवरच सोपवल्याने सुटे भाग मोजकेच लागत, आणि ८,००० हून अधिक वाचकांनी त्याचे संच मागवले. बेलग्रेडमध्ये झोरान मोदली आपल्या रेडिओ कार्यक्रमातून या यंत्राचे प्रोग्रॅम ध्वनिरूपात प्रक्षेपित करत आणि श्रोते ते कॅसेटवर टिपून घेत. या यंत्राला चूक दाखवणारे संदेश फक्त तीन, पण एम्युलेटरवर त्या तिघांच्याच आधारे मला प्रत्येक चूक सापडली. अंकातील विद्युत आकृती मी वहीत हाताने उतरवून घेतली आहे, आणि ती समोर ठेवून मूळ रॉममधील (यंत्राच्या कायमस्वरूपी स्मृतीतील) ४ किलोबाइट एकेक आज्ञा करत वाचायला या आठवड्यात सुरुवात केली आहे.