एअर रायफलचे छर्रे: नौपाड्यातील खरेदी

मुलीच्या दहा मीटर एअर रायफलच्या सरावासाठी ठाण्यात नौपाड्यातील एका दुकानातून सपाट डोक्याच्या छर्‍यांच्या तीन डब्या घेतल्या. ज्या लक्ष्यावर दहा गुणांच्या ठिपक्याचा व्यास अवघा ०.५ मिलिमीटर असतो, तिथे छर्‍याचे डोके ४.४९ मिलिमीटरचे की ४.५० चे, यानेही नळीगणिक निकाल बदलतो. म्हणून रायफल व्हाइसमध्ये (पक्क्या पकडीत) घट्ट बसवून प्रत्येक डबीतले पाच-पाच छर्रे झाडून पाहिले. आमच्या नळीला एच अँड एन कंपनीच्या ‘फिनाले मॅच’ छर्‍यांचा ४.५० आकार मानवला आणि पाचही छिद्रे जवळजवळ एकात मिळाली. सर्वांत स्वस्त डबीतील काही छर्‍यांची कड मात्र चेपलेली निघाली. दुकानदाराने घाई न करता एकेक डबी घेऊन पाहण्याचा सल्ला दिला, हे मला फार मोलाचे वाटते.